मिशीचा सातबारा

मराठीत 'दाढी करणे' म्हणजे दाढी काढून टाकणे. इतकं उलटं क्रियापद मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. चहा केला की चहा होतो, पोळ्या केल्या की पोळ्या होतात, आणि दाढी केली की दाढी जाते! ठेवायचीच असेल तर ती 'राखावी' लागते. शेत राखतात, कुरण राखतात, तशी. म्हणजे मालमत्ता आहे, आणि तिच्यावर कुणाचा तरी डोळाही आहे.

मिशीचं तर विचारूच नका. मिशीवर ताव मारायचा, मिशीला पीळ द्यायचा, मिशीतल्या मिशीत हसायचं, घरात खायला नसलं तरी मिशीला तूप लावून बाहेर पडायचं. पैज लावताना 'नाही झालं तर मिशी उतरवून देईन' म्हणायचं. ज्याला मिसरूड फुटलेलं नाही त्याने मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नाही. दोन बोटं रुंदीच्या जागेवर एवढं बांधकाम! एफएसआय कुणी मंजूर केला देव जाणे. :)

हे सगळं डोक्यात आलं त्याला कारण चीन. मागच्या शनिवारी लाईट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी अर्धी, आणि मी त्या मातीच्या सैनिकांचे फोटो बघत बसलो होतो. १९७४ साली शीआनजवळ शेतकरी विहीर खणत होते आणि खाली अख्खी फौज सापडली. चीनचा पहिला सम्राट इसवीसनपूर्व २१० मध्ये वारला, त्याच्या राखणीला पुरलेली. फोटो झूम करत गेलो तर लक्षात आलं की यातल्या बहुतेक सगळ्यांना मिशा आहेत. कुणाची वर वळलेली, कुणाची खाली पडलेली, कुणाच्या हनुवटीवर एवढासा झुपका. हजारो वर्षं मातीत गाडले गेले पण मिशी शाबूत. आपल्या डोक्यात चिनी माणूस म्हणजे गुळगुळीत चेहऱ्याचा. हे काय प्रकरण आहे म्हणून वाचत गेलो आणि दुपार गेली.

तर त्या लोकांचा हिशोब असा. पितृभक्तीवरचा त्यांचा एक जुना ग्रंथ आहे, कन्फ्यूशियसच्या परंपरेतला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की शरीर, कातडी, केस हे सगळं आईबापांकडून आलेलं आहे, त्याला इजा करायचा तुम्हाला अधिकार नाही. इथूनच भक्तीला सुरुवात होते. म्हणजे चेहऱ्यावरचा केस हा वडिलोपार्जित. आणि वडिलोपार्जित गोष्ट काढून घेणं ही शिक्षा! छिन आणि हान घराण्यांच्या कायद्यात खरोखरच अशी शिक्षा होती. गुन्हा हलका असेल तर दाढी आणि कल्ले उतरवायचे, भारी असेल तर सगळं डोकं. तुरुंगात टाकायच्या आधीच माणूस गावभर ओळखू यावा, ही सोय.

याच हिशोबाची दुसरी बाजू भयानक आहे. राजवाड्यात जे खोजे असत त्यांना दाढी येत नसे. इसवी सन १८९ मध्ये लोयांगच्या राजवाड्यात सैनिक घुसले आणि खोज्यांची कत्तल सुरू झाली. दोन हजारांवर माणसं मारली. घाईत ओळख कशी पटवायची, तर चेहरा बघून. दाढी नाही? संपवा. त्यात ज्यांना नुसतीच कमी दाढी होती असे बिचारे बरेच गेले, आणि काहींनी कपडे काढून दाखवले म्हणून वाचले. माझ्या टीममध्ये दोघंजण आहेत ज्यांना तिशी आली तरी गालावर धड काही उगवत नाही. त्यांना ही गोष्ट सोमवारी जेवताना सांगितली. आवडली नाही.

पण मला जी खरी आवडली ती थांग घराण्याच्या ताइझोंग सम्राटाची. त्याचा एक सेनापती आजारी पडला. वैद्य म्हणाले की दाढीची राख औषधात घातली तर गुण येईल. सम्राटाने स्वतःची दाढी कापली आणि राख करून पाठवली. आईबापांकडून आलेली, कुणी हात लावायचा नाही अशी गोष्ट, आणि ती चाकराच्या काढ्यात! त्या सेनापतीने जमिनीवर डोकं आपटून आपटून रक्त काढलं म्हणतात. आता आपल्याला त्यात केसांची राख दिसते. त्याला काय दिसलं असेल याची कल्पना करायची तर आपल्याच घरात बघावं लागतं. आणि ते फार लांब नाहीये.

आमच्याकडे, म्हणजे चाकणच्या पुढच्या आमच्या गावाकडे, एक साधा नियम आहे. बाप जिवंत असताना मिशी काढायची नाही. बस. ग्रंथ वगैरे काही नाही, कुणाला कारण विचारलं तर 'बरं दिसत नाही' एवढंच उत्तर. कारण मिशी काढतात ती बाप गेल्यावर, दहाव्याला. तेव्हा आधीच काढली तर तुम्ही काय सुचवताय? कन्फ्यूशियसला ज्यासाठी पानं लिहावी लागली ते आमच्याकडे 'बरं दिसत नाही' मध्ये भागतं.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मिशी काढली. विशेष कारण नव्हतं. ती धड मिशीही नव्हती, कुणीतरी पेन्सिलने शेडिंग करून अर्धवट सोडल्यासारखी दिसायची. सुट्टीत गावी गेलो. आबा (म्हणजे माझे आजोबा) ओट्यावर बसले होते. माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "रान साफ केलंस व्हय रं? कुणाला इचारून? सातबारा अजून माझ्या नावावर हाय."

सगळे हसले. पण आबा हसत नव्हते. गावची अर्धी जमीन एमआयडीसीत गेलेली, त्यामुळे सातबारा हा शब्द आमच्याकडे विनोदाचा नाही. उरलेला उतारा खरोखरच त्यांच्या नावावर होता, आणि त्यांच्या दृष्टीने त्यात पप्पांची मिशी, काकांची मिशी आणि माझी ती पेन्सिलची शेडिंग, सगळं आलं. काढल्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आत्ताही वाटत नाही. पण आपल्या चेहऱ्याचे आपण फक्त वहिवाटदार आहोत आणि मालक दुसराच आहे, ही कल्पना मात्र तेव्हापासून डोक्यात बसली.

एकदा ती बसली की आमच्या पट्ट्यात जिकडेतिकडे तेच दिसायला लागतं. निगडीच्या भक्ती-शक्ती शिल्पासमोरून मी आठवड्यातून चारदा जातो. शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांची भेट. एकाला टोकदार दाढी, एकाला मिशी. लहानपणी वाटायचं शिल्पकाराने ओळखू यावं म्हणून केलं असेल. पण आमच्या घरच्या कॅलेंडरांवरही तेच. देहूचे तुकोबा मिशीवाले, कारण ते संसारी, दुकान आणि शेत असलेले. आळंदीचे ज्ञानोबा गुळगुळीत, कारण त्यांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे. रामदास स्वामींना दाढी, कारण संसार नाही. चित्रं पुष्कळ नंतरची आहेत हे मान्य. पण चित्र काढणाऱ्याला आणि बघणाऱ्याला दोघांनाही कोड पाठ आहे. इंद्रायणीच्या काठी पंधरा-वीस किलोमीटरमध्ये पुरुषाच्या आयुष्याच्या दोन अवस्था बसवल्यात, आणि मध्ये आपले कारखाने.

देवांचंही असंच. विठोबाला मिशी नाही. राम-कृष्णांना नाही. पण खंडोबाला आहे, आणि कशी! जोतिबालाही आहे. म्हणजे ज्याच्याकडे नुसतं प्रेमाने बघायचं तो बिनमिशीचा आणि ज्याने घोड्यावर बसून आपली राखण करायची त्याला मिशी. आकुर्डीच्या खंडोबा माळावरून कंपनीच्या बसेस सकाळी सहाला सुटतात, आणि त्यात बसलेले निम्मे लोक खिडकीतून हात जोडतात. राखणदाराला केलेला नमस्कार तो. (रिक्षाच्या मागे 'येळकोट येळकोट' असतं तेही त्याच हिशोबात.)

आता इतक्या मौल्यवान मालमत्तेवर वस्तरा चालवण्याचा अधिकार फक्त एकाच माणसाला. राजाच्या गळ्याशी उघडं पातं घेऊन उभा राहणारा तोच. यावर कुणी नीट विचार केलाय का माहीत नाही, पण शिवचरित्रातली जिवावरची दोन कामं नाभिक समाजातल्या माणसांनी केलेली आहेत. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार अडवणारे जिवा महाला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ही म्हण आपण शाळेत शिकलो. आणि पुढच्या वर्षी जुलैमध्ये पन्हाळ्यावरून महाराज निसटले तेव्हा त्यांचा वेश घेऊन पालखीत बसलेले शिवा काशीद. त्याच पावसाळ्यात इकडे आमच्या चाकणच्या भुईकोटात फिरंगोजी नरसाळा शायिस्तेखानाशी झुंजत होता, जवळजवळ दोन महिने. हे सगळं १६६०.

शिवा काशीद दिसायला महाराजांसारखे होते असं सांगतात. माझं मत वेगळं आहे, आणि ते फक्त माझंच आहे, इतिहास म्हणून घेऊ नका. मला वाटतं, नुसतं दिसणं पुरत नाही. चेहरा कशाने ओळखू येतो हे ज्याला हाताने माहीत आहे, दाढीचं टोक कुठे संपतं आणि कल्ला कानापासून किती खाली येतो, असा माणूसच रात्रीच्या पावसात मशालीच्या उजेडात राजा म्हणून खपू शकतो. तो ओळखला गेला आणि मारला गेला. ओळखला जायला जो वेळ लागला तेवढ्यात महाराज पुढे गेले.

नाभिकांची आणखी एक गोष्ट आपल्या शाळेत शिकवत नाहीत. विधवांचं केशवपन करायचं तेव्हाही वस्तरा त्यांच्याच हातात असायचा. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी एकत्र येऊन ठरवलं की आम्ही हे काम करणार नाही. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे होते, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधणारे. म्हणजे ज्याला आपण 'काम बंद' म्हणतो आणि ज्याच्या पाट्या भोसरीत गेटवर बघत मोठे झालो, त्याच माणसाने ते हत्यार डोक्यावरच्या केसांसाठीही वापरलं. मला हे कळलं तेव्हा मी फार खूश झालो होतो. अजूनही आहे.

पण मिशी ज्यांची राखली जात होती त्यांच्याबद्दलच बोलून चालणार नाही. काहींना ती राखूच देत नव्हते. सप्टेंबर २०१७ मध्ये गुजरातेत गांधीनगरजवळ लिंबोदरा गावात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली. आम्ही तेव्हा कॉलेजात. दोन दिवसांत शेकडो पोरांनी व्हॉट्सअॅपचा डीपी बदलला, पीळदार मिशी आणि वर मुकुट. आमच्या हॉस्टेलमधल्या एका मित्रानेही बदलला. तो उस्मानाबादकडचा. (आता धाराशिव.) मला वाटलं, बातमी गुजरातची, हा का एवढा पेटलाय. तर म्हणाला, "माझ्या आजोबांना वाड्यावर जाताना मिशीची टोकं खाली करावी लागायची. हाताने. दारातून बाहेर आलं की परत वर." आणि करून दाखवलं, अंगठा आणि बोटाने, नसलेल्या मिशीवर. मला आबांच्या सातबाऱ्याचा विनोद त्याला सांगायचा होता, तो मी नाही सांगितला. आमच्याकडे मालक निदान घरातला तरी होता.

पिंपरी चौकातल्या बाबासाहेबांच्या पुतळ्याकडे मी त्यानंतर जरा वेगळ्या नजरेने बघतो. टिळकांना मिशी, फुल्यांना मिशी, शाहू महाराजांना मिशी. त्या सगळ्या पिढ्यांच्या फोटोंत हा एक सुटातला गुळगुळीत चेहरा. मला वाटतं, ज्या खेळाचे नियम दुसऱ्याने केलेत त्यात टोक वर की खाली हे खेळण्यापेक्षा पाटच उलटा करून ठेवावा, असं काहीतरी ते आहे. असेल, नसेल. फॅशनही असेल. असो.

आबा गेले २०२१ च्या जानेवारीत. वयाने गेले, कोविडने नाही. दहावा आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर. नदीवर नेहमीसारखा पांढरा फेस. सकाळी साडेसातला कडाक्याची थंडी, पप्पा आणि काका पाटावर बसलेले, आणि एक म्हातारे न्हावी वाटीतलं पाणी बोटाने पप्पांच्या ओठावर लावत होते. पप्पांची मिशी मी जन्मल्यापासून बघत होतो. कंपनीच्या पहिल्या आयकार्डावर आहे, लग्नाच्या फोटोत आहे, आईच्या म्हणण्याप्रमाणे बघायला आले तेव्हा चहाच्या आधी तीच दिसली होती. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये एकतीस वर्षं. मशीन बदलली, शिफ्ट बदलल्या, युनियन बदलली, मिशी तीच. दोन मिनिटांत गेली.

खाली निघाला एक गोरा पट्टा. पप्पा तसे सावळे, आणि ओठावर तेवढीच कातडी तीस वर्षं ऊन न बघितलेली. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला, किंवा एकदम म्हातारा, मला ठरवता आलं नाही. न्हाव्याने माझ्याकडे बघितलं, काकांनी घाईघाईने सांगितलं, "त्याचा बाप हाय, त्याची नाय." न्हावी म्हणाला, "हाय कुठं काढायला?" मला तेव्हाही मिशी नव्हती. घाटावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग कावळ्याची वाट बघत बसलो.

तलाठ्याकडे आबांच्या नावाची वारस नोंद होऊन फेरफार मंजूर व्हायला पुढे चार महिने गेले. मिशीचा फेरफार त्याच दिवशी झाला होता.

माझी भाची तेव्हा दोन वर्षांची. पप्पांना बघून किंचाळली. रडली, आईच्या पाठीमागे गेली, 'आजोबा कुठे' म्हणून विचारत राहिली. पप्पा काही बोलले नाहीत, खिशातला मास्क काढून लावला आणि तिच्यासमोर बसले. मास्क लावलेले आजोबा तिच्या ओळखीचे होते! झालं, आली मांडीवर. पप्पा पुढचे दोन महिने घरातही मास्क लावून हिंडायचे. सगळी दुनिया मास्कला कंटाळली होती तेव्हा आमच्याकडे एक माणूस त्याचे उपकार मानत होता.

आणि मग मिशी परत आली ती पांढरी आली. पूर्ण पांढरी. तेव्हा कळलं की पप्पा कितीतरी वर्षं दर रविवारी बाथरूमचं दार लावून काळी मेंदी लावत होते. म्हटलं आता लावत नाही का? तर म्हणाले, "आता कशाला? आबा होते म्हणून लावायचो. बापासमोर पोराच्या मिशा पांढऱ्या बऱ्या दिसत नाहीत." मला वाटत होतं की ते तरुण दिसायला लावतात. ते मुलगा दिसायला लावत होते.

हे सगळं जुन्या लोकांचं झालं असं म्हणून सोडून दिलं असतं, पण आमच्या पिढीने उलटीच गंमत केलीय. मिशी सोडली आणि दाढी धरली. हिंजवडीत लंच टाइमला बघा, दर दुसरा माणूस दाढीवाला. ट्रिमर, तेल, कंगवा, सगळा संसार. २०१९ मध्ये अभिनंदन वर्धमान पाकिस्तानातून परत आले त्या आठवड्यात आमच्या यमुनानगरच्या सलूनमध्ये त्या मिशीसाठी नंबर लागले होते, दाढीवाले लोक दाढी उडवून ती घेत होते. पप्पांच्या पिढीला मात्र दाढी बघवत नाही. त्यांच्यासाठी दाढीची कारणं ठरलेली आहेत. सुतक, श्रावण, नवस, आजारपण किंवा प्रेमभंग. मी दाढी वाढवली तेव्हा आईने पहिले चार दिवस काही विचारलं नाही, पाचव्या दिवशी हळूच म्हणाली, "ऑफिसातली होती का?" :)

आणखी एक कारण राहिलं. बायको गरोदर असेल तर नवऱ्याने केस-दाढी काढायची नाही, हाही आपल्याकडचा जुना नियम. आता फारसं कुणी पाळत नाही. माझ्या चुलतभावाने पाळला.

दादा चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे, कॉन्ट्रॅक्टवर. वहिनीचं आधी दोनदा बाळ गेलं होतं, एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या. तिसऱ्यांदा राहिलं तेव्हा दादाने खंडोबाला नवस बोलला की मूल हातात आलं की जेजुरीला येऊन दाढी उतरवीन, तोवर वस्तरा लावणार नाही. ही गोष्ट २०२३ ची. पाचवा महिना गेला. सहावा गेला. दाढी छातीला टेकायला आली आणि घरात पहिल्यांदाच लोक मोठ्याने बोलायला लागले. आणि नेमकं तेव्हा कंपनीत नवीन सेफ्टीवाले आले. पेंट शॉपला उद्यापासून सगळे क्लीन शेव्ह, नाहीतर लाइनवर घेणार नाही.

मी इंजिनिअर माणूस, मला त्यात चूक दिसेना. गाडीच्या वरच्या क्लिअर कोटमध्ये जो हार्डनर असतो त्यात आयसोसायनेट्स असतात. एकदा का त्याची फुप्फुसाला सवय बिघडली की पुढे थोड्याशा वासानेही दमा उठतो. त्यासाठी जो घट्ट बसणारा मास्क असतो त्याची रबरी कड कातडीला चिकटली पाहिजे, मध्ये केस आले की फट राहते आणि मग मास्क नुसता शोभेचा. मिशी चालते, कडेच्या आत राहिली तर. दाढी नाही चालत. हे मी दादाला फोनवर समजावून सांगितलं, फिट टेस्ट वगैरे सकट. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ते सगळं खरं रे. पण तू लिहून देतो का?"

काय लिहून देणार? सील लीक होतं हे लिहून देता येतं. बाकीचं कोण लिहून देणार?

दादा दोन दिवस कामावर गेला नाही. कॉन्ट्रॅक्टवर दोन दिवस म्हणजे दोन दिवसांचा पगार, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या जागी दुसरा. काका म्हणाले दुसरीकडे काम बघू. काकू काहीच बोलेना. तिसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनेच कपाटातून रेझर काढून दादाच्या हातात दिला. म्हणाली, दवाखान्याचे हप्ते खंडोबा भरणार नाहीये, आणि तुझ्या छातीत ते भरलं तर पोराला बाप कुठून आणू. सातवा महिना होता तिचा. आज्जी तिथेच चुलीपुढे बसलेली. आबांनंतर आता घरात मोठी तीच. सगळे तिच्याकडे बघत होते. आज्जी म्हणाली, "कर. खंडोबा काय सुपरवायझर हाय का, रोज गेटवर बघाया?"

त्याने केली. फर्स्ट शिफ्टला गेला. त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात कसे गेले हे मला नीट सांगता येणार नाही. कुणी तो विषय काढत नव्हतं. वहिनीला जरा पोटात दुखलं तरी काका आधी दादाच्या चेहऱ्याकडे बघायचे, आणि दादा दुसरीकडे. मी रात्री ऑन-कॉल असायचो, फोन वाजला की आधी नाव बघायचो. प्रोडक्शन डाऊन असेल तर हायसं वाटायचं.

मुलगा झाला. पावणेतीन किलो. डॉक्टरांनी काय काय केलं याची यादी मोठी आहे, इंजेक्शनं आणि सक्तीची विश्रांती, आणि खंडोबाचं श्रेय त्यात किती यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. दादाच्या मते नवस मोडलेला नाही, थकलाय. हप्ता थकतो तसा.

तेव्हा आता जावळ जेजुरीला. दिवाळीनंतरचा एक रविवार बघितलाय, दादाला सुट्टी मिळेल असा. पोराला मामाच्या मांडीवर बसवायचं, पायथ्याशी न्हावी बसलेले असतात त्यांच्यातला एक बघायचा, भंडारा आपला आपण न्यायचा. पप्पा येणार आहेत, पांढऱ्या मिशीला तेल लावून. दादाने शुक्रवारपासून चार दिवसांची सुट्टी टाकलीय. चार दिवसांत उगवेल तेवढी, म्हणतो, पण रिकाम्या हाताने नाही जायचं.